एका तारेसाठी अख्खं कन्सोल: पॅडल शिफ्टर बसवलेल्या एका गाडीचं प्रकरण

गाडी डिझेल एसयूव्ही, सहा गिअरची ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली. मालक नाशिकचे. धंद्यानिमित्त मुंबईला सतत जाणं-येणं, त्यामुळे कसारा घाट तोंडपाठ. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसण्यापेक्षा खालच्या गिअरमध्ये गाडी आवरावी, आणि तेही स्टिअरिंगवरचा हात न काढता, एवढीच त्यांची हौस. त्यात वावगं काही नाही. त्यांनी बाजारातून वायरलेस पॅडल शिफ्टरचा, म्हणजे स्टिअरिंगमागे बसणाऱ्या गिअर बदलायच्या पट्ट्यांचा, संच आणला आणि एका अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात बसवून घेतला.

बसवल्यापासून पॅडल एकदाही चाललं नाही. दुकानदार म्हणाला, सेल बदला. सेल बदलून झाले. मग म्हणाला, तुमच्या गाडीला हे मॉडेल लागत नसेल. मालकांनी जवळजवळ नाद सोडला होता, पण एके सकाळी गाडी सुरू केली आणि गिअरचा दांडा पी (पार्क) मधून हलेना. ब्रेक दाबून पाहिला, गाडी बंद करून पुन्हा चालू केली, दांडा ढिम्म. दांड्याशेजारी एक छोटी टोपी असते, ती काढून आतल्या खाचेत किल्ली दाबली की लॉक हाताने सोडवता येतं. हे फोनवर सांगितल्यावर गाडी कशीबशी आमच्या गॅरेजमध्ये आली. आल्यावर बोलता बोलता त्यांनी आणखी एक काम सांगितलं, "मागे बसणारे म्हणतात एसी लागत नाही. गॅस कमी झालाय का तेही बघून घ्या."

तिन्ही तक्रारींचं मूळ एकाच जागी निघालं, सेंटर कन्सोलखाली, म्हणजे पुढच्या दोन सीटांमधल्या दांड्याभोवतीच्या पेटीखाली. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितोय.

दांड्याखाली काय असतं

स्टिअरिंगमागचं पॅडल गाजलं ते फॉर्म्युला वनमुळे. १९८९ साली नायजेल मॅन्सेलने फेरारी ६४० ही गाडी ब्राझीलच्या शर्यतीत पहिली आणली, तिला सेमी-ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता आणि गिअर बदलायला स्टिअरिंगमागे पॅडल. त्या पॅडलचा दरारा अजून टिकून आहे, त्यामुळे आपल्या गाडीला ते लावलं की गिअरबॉक्सच बदलल्यासारखं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात बाजारात मिळणारं पॅडल म्हणजे दोन बटणं. एक अधिकचं, एक उण्याचं.

ज्या ऑटोमॅटिक गाडीत दांडा डी (ड्राइव्ह) मधून बाजूला सरकवून वर-खाली मारता येतो, तिथे दांड्याच्या बुडाशी तीन छोटे खटके असतात. दांडा बाजूला सरकला की पहिला दाबला जातो, तो टीसीएमला, म्हणजे गिअरबॉक्सच्या संगणकाला, सांगतो की आता मॅन्युअल. दुसरा अधिकचा, तिसरा उण्याचा. मौज अशी, की दांडा बाजूला सरकताना गिअरबॉक्सकडे गेलेली केबल जागची हलतसुद्धा नाही. गिअरबॉक्सच्या लेखी दांडा अजून डीमध्येच असतो. पुढचा सगळा व्यवहार तारांवरून चालतो, आणि गिअर टाकायचा की नाही हे टीसीएम ठरवतो. इंजिनाचे आरपीएम लाल रेषेपलीकडे जाणार असतील तर तुम्ही कितीही उणे मारा, तो खालचा गिअर देत नाही.

म्हणून अशा गाडीत पॅडल बसवणं तत्त्वतः सोपं आहे. दांड्याच्या अधिक-उणेच्या ज्या दोन तारा टीसीएमकडे जातात, त्यांना समांतर दोन तारा जोडायच्या. वायरलेस संचात पॅडलमध्ये घड्याळासारखे चपटे सेल असतात आणि रिसीव्हरची छोटी डबी कन्सोलखाली बसते. स्टिअरिंग उघडावं लागत नाही, ड्रायव्हरच्या एअरबॅगला हात लागत नाही, हा या संचाचा मोठा फायदा. मी स्वतः तारेच्या संचापेक्षा हाच पत्करतो.

एकच मेख आहे. खटका दाबल्यावर तारेवर काय यायला हवं? काही गाड्यांत अर्थ (गाडीच्या पत्र्याला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोड), काही गाड्यांत १२ व्होल्ट. हे गाडी बघून किंवा कंपनीचं नाव ऐकून कळत नाही, वायरिंग डायग्रॅम बघावा लागतो किंवा मीटर लावावा लागतो. दुकानात यातलं काहीच झालं नव्हतं.

उघडण्याआधीची तपासणी

पॅडलचं काम म्हटलं की हात आधी कन्सोलकडे जातो. आम्ही आधी फ्यूज बॉक्स उघडला. १० अँपिअरचा एक फ्यूज उडालेला होता. डायग्रॅमप्रमाणे त्याच फ्यूजवरून दांड्याच्या मॅन्युअलच्या खटक्यांना करंट जातो आणि शिफ्ट लॉकच्या सोलेनॉइडलाही, म्हणजे लॉक ओढणाऱ्या विजेच्या चुंबकालाही. ब्रेक दाबल्यावर दांडा पी मधून सोडणारं जे सोलेनॉइड असतं ते हेच. करंट नाही म्हणून ते ओढत नव्हतं, आणि दांडा अडकला होता. नवा फ्यूज टाकला, ब्रेक दाबला, दांडा सुटला.

इथेच गाडी परत देणारेही असतात. पण कारण नसताना फ्यूज उडत नाही, आणि कारण सापडेपर्यंत नवा फ्यूज म्हणजे उधारी. रस्त्याकडेच्या एखाद्या हुशाराने त्या जागी २० चा फ्यूज ठोकला असता, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी कन्सोलखालची वायर जळाली असती.

स्कॅनर लावला आणि टीसीएमचा लाइव्ह डेटा उघडला. दांडा मॅन्युअलमध्ये सरकवला, स्क्रीनवर सिलेक्ट स्विच ऑन. दांडा वर मारला, अप स्विच ऑन. खाली मारला, डाउन ऑन. म्हणजे गाडीचं स्वतःचं सगळं शाबूत. मग दांड्याला हात न लावता पॅडल ओढलं. स्क्रीनवर काहीच हललं नाही, पण दांड्याखालून बारीक 'टिक' ऐकू आलं. एसी आणि रेडिओ बंद करून कान दिला तरच ऐकू येईल इतकं बारीक. ती टिक रिसीव्हरमधल्या रिलेची, म्हणजे विजेने उघड-मिट होणाऱ्या खटक्याची. म्हणजे सेल चांगले, पॅडल चांगलं, रिसीव्हरही चांगला. बिघाड रिलेच्या पुढे, जोडणीत.

मालकांना विचारलं, दांडा अडकला त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं? त्यांनी जे सांगितलं त्यावरून निम्मा उलगडा झाला. मुंबईहून परत येताना घाट चढत होते. दांडा मॅन्युअलला टाकून उण्याचं पॅडल ओढून पाहिलं, गिअर पडेना. पॅडल तसंच ओढून धरलं आणि दुसऱ्या हाताने दांडाही खाली मारला. "म्हटलं, दोघांपैकी कुणाचं तरी ऐकेल," असं म्हणाले. त्यानंतर मॅन्युअलच गेलं, गाडी आपल्या मनाने गिअर बदलत घरी आली. रात्री पी मध्ये लावली, सकाळी अडकली.

या गाडीत दांड्याचा खटका तारेवर १२ व्होल्ट देतो. पॅडलचा रिले त्याच तारेवर अर्थ देत असेल, तर एरवी काहीच घडणार नाही, कारण टीसीएम अर्थाची वाटच बघत नाही. पण दोन्ही एकाच वेळी दाबले की १२ व्होल्ट सरळ अर्थाला भिडणार आणि फ्यूज उडणार. कागदावर जुळलं. खात्रीसाठी कन्सोल काढायला हवं होतं.

कन्सोल

या कामात सगळा वेळ इथे जातो, आणि नुकसानही इथेच होतं. क्रम चुकला की एकतर काहीतरी तुटतं, नाहीतर तुम्ही स्वतः अडकता. गाडीच्या सीटा मोटरवर चालणाऱ्या होत्या. मागचे स्क्रू काढायला सीट पुढे लागते, पुढचे काढायला मागे. बॅटरी आधी काढून बसलात की सीट हलणार नाही. म्हणून सीट पुढे घेऊन आर्मरेस्टच्या पेटीतला रबरी मॅट उचलला, त्याखालचे दोन स्क्रू आणि मागच्या टोकाचे दोन काढले, मग सीटा मागे सरकवल्या. चाकांना ठोकळे लावून दांडा एन (न्यूट्रल) मध्ये आणला, कारण पी मध्ये तो पुढच्या पॅनलला आडवा येतो आणि बॅटरी काढल्यावर शिफ्ट लॉक सुटत नाही. हँडब्रेक पूर्ण वर ओढला. एवढं झाल्यावर दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि थांबलो.

हे थांबणं कशासाठी, ते माहीत असावं. बऱ्याच गाड्यांत दांड्याच्या पुढे, जमिनीच्या मधल्या उंचवट्यावर, एअरबॅगचा संगणक बोल्टने घट्ट बसवलेला असतो. पिवळ्या कनेक्टरवरून ओळखू येतो. धडक झाल्याचं त्याच्या आतल्या सेन्सरला कळतं, आणि धडकेत बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून त्यात थोडा करंट साठवलेला असतो. तो उतरायला काही मिनिटं लागतात. कंपनीच्या पुस्तकात जेवढी दिली असतील तेवढी थांबायचीच. शिवाय त्याच्या आसपास ठोकाठोक नाही, आणि पिवळ्या तारांना टेस्ट लॅम्प तर अजिबात नाही.

दांड्याचं चामडी कव्हर खालून मोकळं करून वर उलटं केलं की नॉबचे स्क्रू दिसतात. काही गाड्यांत नॉब नुसता ओढून निघतो, काहींत फिरवून. जोर करण्याआधी बघून घ्यावं. नॉबनंतर दांड्याभोवतीचं पॅनल. ते क्लिपांवर बसतं, आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेकडेने उचललं तर निमूट येतं. इथे मात्र डाव्या कडेला स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटल्याचे तीन खड्डे आधीच पडले होते. एक क्लिप तुटून आत पडली होती आणि तिच्या जागी फोमची टेप कोंबली होती. पॅनल झटक्यात वर खेचायचं नसतं, खाली चार्जिंग सॉकेट आणि बटणांचे कनेक्टर लोंबत असतात. त्यांची जीभ दाबून एकेक सोडवले, पायाजवळचे दोन बाजूंचे पॅनल काढले, त्यामागचे शेवटचे स्क्रू काढले.

आमच्याकडच्या पोराला शिस्त लावली आहे, काढलेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर काढलेल्या कन्सोलच्या आकृतीत जिथला तिथे टोचायचा. स्क्रूंची लांबी सारखी नसते. लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर तो खालच्या वायरिंगमध्ये शिरतो. या गाडीत मागच्या बाजूला मूळ स्क्रूऐवजी लाकडाला वापरतात तसला एक स्क्रू पिळलेला निघाला. सुदैवाने तो नुसत्या प्लॅस्टिकमध्ये होता.

कन्सोल मागून उचलून, किंचित मागे घेऊन, हँडब्रेकवरून वर काढलं. आणि एसीची तक्रार तिथल्या तिथे निकालात निघाली. मागच्या प्रवाशांसाठी कन्सोलच्या पोटातून हवेची नळी जाते, ती पुढच्या एका तोंडात नुसती सरकवून बसलेली असते. कन्सोल परत बसवताना ती तोंडात गेलीच नव्हती, शेजारी टेकून दबली होती. सगळी गार हवा गालिच्याखाली जात होती. गॅसचा काही संबंध नव्हता. अ‍ॅक्सेसरी बसवल्यानंतर मागचा एसी कमी झाला म्हणून कुणी आलं, तर गॅसचं मशीन लावण्याआधी ही नळी बघावी.

पुढचं दृश्य मात्र संताप आणणारं होतं. रिसीव्हरची डबी केबल टायने एअरबॅगच्या संगणकाच्या ब्रॅकेटलाच बांधली होती, आणि तिच्या तारा पिवळ्या कनेक्टरखालून ओढून घेतल्या होत्या. तो संगणक गाडीच्या अंगाला अगदी घट्ट असावा लागतो, त्याच्या वरचा बाण गाडीच्या तोंडाकडे असावा लागतो, कारण गाडीला बसणारा झटका तो जसाच्या तसा मोजणार असतो. त्याला काहीही बांधायचं नाही, टेकवायचं नाही, त्याची तार ताणायची नाही. शेजारी कन्सोलचे मोकळे कप्पे असताना तिथेच डबी बांधायची बुद्धी कशी होते, कळत नाही.

जोडणी

रिसीव्हरमधून दोन रिलेच्या दोन तारा आणि त्या दोघांची मिळून एक कॉमन तार निघत होती. दोन तारा दांड्याच्या वायरिंगला निळ्या टॅप कनेक्टरने चिमटल्या होत्या, रंग मात्र बरोबर ओळखले होते. कॉमन तार दांड्याच्या ब्रॅकेटच्या बोल्टखाली घातली होती, म्हणजे थेट अर्थ. अंदाज होता तोच घोळ.

आता मीटर लावण्यासाठी करंट हवा, म्हणून एअरबॅगचे कनेक्टर जागच्या जागी आहेत ना हे पाहून बॅटरी तात्पुरती जोडली. त्यातलं एकही कनेक्टर निघालेलं असताना इग्निशन चालू केलं तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि कोड साठून राहतो. दांडा मॅन्युअलमध्ये, हात काढलेला: अधिक-उणे दोन्ही तारांवर शून्य. दांडा वर धरला: अधिकच्या तारेवर बॅटरीएवढे व्होल्ट. खटक्यांना येणारी सामाईक तार कायम जिवंत. मग रिसीव्हरची कॉमन तार बोल्टखालून काढून तिचं आणि रिलेच्या तारेचं नातं मीटरच्या बझरवर पाहिलं. पॅडल ओढलं की बीप, सोडलं की बंद. म्हणजे आत खरोखरचा रिले, स्वतःचा करंट न सोडणारा. तुम्ही त्याच्या कॉमनला जे द्याल ते तो पुढे देणार. कॉमनला अर्थ दिला होता म्हणून अर्थ जात होता.

दुरुस्ती एवढीच, की कॉमन अर्थावरून काढून खटक्यांच्या जिवंत तारेला जोडली. आता दांडा आणि पॅडल दोघंही एकच गोष्ट बोलतात, एकत्र दाबले तरी १२ व्होल्टला १२ व्होल्टच भेटतात. त्या कॉमनवर एक अँपिअरचा वेगळा फ्यूज टाकला. टीसीएमला इशारा पोचवायला करंट नगण्य लागतो, त्यामुळे उद्या रिसीव्हरच्या तारेत काही झालं तर हा छोटा फ्यूज आधी जाईल आणि शिफ्ट लॉक वाचेल. टॅप कनेक्टर काढून टाकले. ते तारेचं इन्शुलेशन कापून आत घुसतात, कापलेल्या जागी ओल धरते, आणि वर्षा-दोन वर्षांनी जोड कधी लागतो कधी नाही. त्या जागी सोल्डर करून स्लीव्ह चढवली. डबी कन्सोलच्या आतल्या बाजूला, फोम लावून, हवेच्या नळीपासून दूर.

सगळेच रिसीव्हर असे नसतात. काहींत रिलेऐवजी ट्रान्झिस्टर असतो आणि तो फक्त अर्थच देऊ शकतो. मग प्रत्येक पॅडलसाठी एक छोटा रिले बाहेरून घालून अर्थाचे १२ व्होल्ट करून घ्यावे लागतात. संच विकत घेण्याआधी एवढं विचारलं तर बरं, पण विकणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही.

परत बसवताना पहिली हवेची नळी, तोंडात गेल्याचं बोटाने चाचपून. मग बाकी उलट क्रमाने. बॅटरी जोडल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला. तुटलेल्या क्लिपसाठी पॅनल मागवलं. फोमची टेप काढल्यावर ते थोडं किरकिरतं, पण नवं येईपर्यंत पुन्हा टेप कोंबण्यात अर्थ नव्हता.

चाचणी आणि एक नकार

मालकांसह गाडी घाटात नेली. मॅन्युअलमध्ये पॅडल ओढलं की गिअर पडतो. दांड्यापेक्षा किंचित उशीर जाणवतो, पण तो उतारावर गाडी आवरण्याच्या आड येत नाही. वेगात असताना दुसऱ्या गिअरसाठी त्यांनी उणे मारलं, टीसीएमने ते धुडकावलं. हे बिघाड नसून राखण आहे, असं समजावून सांगितलं. पॅडल स्टिअरिंगला दुतर्फी टेपने चिकटवलेली होती. उन्हात तापून तापून ती टेप एक दिवस सोडणार, म्हणून संचासोबत आलेले स्क्रू लावले. इंडिकेटर आणि वायपरच्या दांड्यांना पॅडल अडत नाही ना, हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं.

वॉरंटीचं त्यांनी विचारलं. दांड्याच्या वायरिंगला बाहेरचा जोड आहे म्हटल्यावर त्या भागातला दावा कंपनी नाकारू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख आरसीवरचे तपशील बदलतील अशा फेरफारांवर आहे, त्यात दोन बटणं येत नाहीत.

शेवटी त्यांनी जे मागितलं ते जवळजवळ प्रत्येकजण मागतो. कंपनीच्या पॅडलवाल्या गाड्यांत दांडा डीमध्ये असतानाही पॅडल चालतं आणि थोड्या वेळाने गाडी पुन्हा आपोआप ऑटोमॅटिकवर येते, तसं करता येईल का? ते परत येणं टीसीएमच्या प्रोग्रॅममध्ये असतं, तारेने आणता येत नाही. एक पळवाट आहे. सिलेक्टच्या तारेला वेगळं बटण देऊन कायम १२ व्होल्ट सोडायचे, म्हणजे दांडा डीमध्ये दिसेल आणि टीसीएम मॅन्युअलमध्ये असेल. केबल हलतच नसल्यामुळे ते चालतंसुद्धा, आणि असं करून देणारे आहेत. मी नाही म्हणालो. त्यांची गाडी त्यांचा मुलगाही चालवतो. ते बटण चालू राहिलं आणि मुलाने दांडा डीमध्ये बघून हायवेवर गाडी काढली, तर गिअर का चढत नाही हे त्याला ट्रकांच्या मधोमध शोधावं लागेल. मालकांना ते पटलं की नाही सांगता येत नाही, पण बटण त्यांनी आमच्याकडून तरी बसवून घेतलं नाही.